मुरारच्या गिरजाघरातली बाकं

मुरारच्या गिरजाघरात मी गेलो तो बाकं बघायला. देव कुणाचाही असो, काम असल्याशिवाय मी त्याच्या दारात जात नाही, आणि काम असलं तर ठरल्या दिवशी जात नाही. पाद्रीसाहेबांचा निरोप होता की गुरुवारी सकाळी या. पुढे असंही होतं की बुधवारी मात्र येऊ नका. हे शेवटचं त्यांनी घातलं नसतं तर मी कदाचित गुरुवारीच गेलो असतो.

माझा धंदा जुन्या मालाचा. एखादा बंगला उतरवला, एखादी कचेरी हलली, कुणा सरदाराच्या घरात वाटणी झाली, की तिथली दारं, पलंग, कपाटं मी उचलायचो आणि दुरुस्त करून विकायचो. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. मालक ज्या दिवशी बोलावतो त्या दिवशी माल नटूनथटून बसलेला असतो. वाळवीची भोकं मेणाने बुजवलेली, मोडका पाय भिंतीकडे. म्हणून न बोलावलेल्या दिवशी जायचं, आणि जाताना आजूबाजूच्या लोकांना विचारत जायचं.

माझे वडील दरबारच्या पागेत होते. घोडी कमी झाली तशी माणसंही कमी केली आणि वडील घरी बसले. मी मिसरूड फुटायच्या आत ग्वाल्हेरच्या मेळ्यात, गुरांच्या बाजारात दलालांच्या मागे हिंडू लागलो. जे शिकलो ते तिथेच शिकलो. तिथला सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दलाल त्यांच्या हातांवर उपरणं टाकतो, आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगितला जातो. वर तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात, खाली बैलाचं नशीब ठरत असतं. आमच्या बाजारात आणखी एक रीत होती. उपरणं हातांवरून निघेपर्यंत सौदा पक्का नाही. तोवर तिसऱ्या कुणी आत हात घातला तर त्याचाही भाव ऐकावा लागे. त्यावरून भांडणं होत, डोकी फुटत, पण रीत मोडत नसे. मी कितीतरी सौदे असे शेवटच्या घटकेला आत हात घालून मिळवले आहेत. 

पुढे गुरं सोडून लाकडाकडे आलो. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दुकान टाकलं. आणि तिथे माझी गाठ ठेकेदारसाहेबांशी पडली.

ते जुन्या दक्षिणी, म्हणजे दख्खनहून आलेल्या कारभारी घराण्यातले. आजोबा दरबारात, वडील दरबारात, आणि दरबारच्या सगळ्या लाकूडकामाचा ठेका यांच्याकडे. महाराज तेव्हा लहान होते, राज्याचा कारभार कौन्सिल बघत होतं, आणि कौन्सिल जे बघत नव्हतं ते ठेकेदारसाहेब बघत होते. एकदा सरकारी जुन्या मेजखुर्च्यांचा लिलाव होता. माझी बोली त्यांच्यावर गेली. सगळ्यांनी ऐकली. तरी हातोडा त्यांच्या नावावर पडला. मी उठून विचारलं, तर लिलाव करणारा अधिकारी हसून म्हणाला, "पागेवाल्याच्या पोराला मेजखुर्च्या कशाला हव्यात? घोड्याला बसवणार आहेस?" सगळे हसले. ठेकेदारसाहेब हसले नाहीत, त्यांनी नुसती पानाची डबी उघडली. ते मला जास्त लागलं. ती गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आता बाकांचं. माधवगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुलींची शाळा होती. एका वकिलाची बायको ती चालवायची. बाई हुशार, तोंडाने तिखट. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग काढायला शिक्षणखात्याची मान्यता हवी होती, आणि इन्स्पेक्टरसाहेब तरटावर मांडी घालून बसलेल्या मुलींकडे बघून सांगून गेले होते, की पावसाळ्याच्या तोंडाशी परत येईन, तोवर बाकं आली तर पाचवी, नाहीतर नाही.

माझी मुलगी चौथीत होती. पाचवी नाही म्हणजे तिची शाळा संपली. शाळा संपली म्हणजे तिच्या मामांना द्यायला उत्तर उरलं नाही. हे मामा, म्हणजे माझे मेहुणे, शिवपुरीहून येताना दर वेळी एखादं स्थळ घेऊन यायचे. "अजून शिकून राहिली आहे" एवढ्या एका वाक्यावर मी त्यांना परत धाडत होतो. मुलीने एकदा मला जेवताना विचारलं, "बाबा, बाकं तुम्ही आणणार ना?" मी हो म्हणालो. बाजारात दिलेला शब्द मी फिरवला नाही, घरात कसा फिरवणार?

नवी बाकं करून घ्यावीत, तर लश्करमधले सगळे चांगले सुतार त्या उन्हाळ्यात एका कोठीच्या, म्हणजे मोठ्या बंगल्याच्या, कामावर होते आणि काम ठेकेदारसाहेबांचं होतं. सुकलेलं सागवान सरकारी गोदामात होतं आणि गोदाम कुणाच्या हातात होतं हे सांगायला नको. मी जिथे जाईन तिथे तो माणूस माझ्या आधी जाऊन आलेला असे, निदान मला तरी तसं वाटे.

अशात बाई एक दिवस दुकानात आल्या. जनाना इस्पितळात त्यांची कुणा ओळखीच्या नर्सशी गाठ पडली होती, तिच्याकडून कळलं होतं.

"मुरारच्या गिरजाघरात बाकं पडून आहेत म्हणे. फौज होती तेव्हाची. पाद्रीसाहेब द्यायला तयार आहेत."

"द्यायला म्हणजे? विकायला?"

"ते मला काय ठाऊक? जाऊन बघा. तो तुमचा प्रांत आहे."

"मला सांगा बाई, चांगलं सागवान कुणी असं पडू देतं का? इतकी वर्षं कुणाला कसं दिसलं नाही?"

"तुम्हाला बाकं हवीत की भानगड हवी?" बाई म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या.

मी निरोप पाठवला, उत्तर आलं, आणि त्या उत्तरात ते बुधवारचं होतं.

बुधवारी सकाळी निघताना बायकोने विचारलं, "आज कुठे? मुरारला तर उद्या जायचं होतं न?"

"म्हणूनच आज चाललोय."

"तुम्हाला तर न, देवाच्या माणसावर पण शक," ती म्हणाली. "पगडी तरी नीट बांधून जा."

टांगा फुलबागेवरून पडावची वस्ती ओलांडून मुरारच्या रस्त्याला लागला. किल्ला मागे राहिला. उन्हं लवकर तापली होती, लू, म्हणजे आमच्याकडची उन्हाळ्यातली झळ, सुटायच्या बेतात होती. मुरार एकेकाळी गोऱ्या फौजेची छावणी. फौज गेली, छावणी दरबारकडे परत आली, पण रस्ते अजून तसेच होते, दोरी लावून आखल्यासारखे सरळ, दोन्ही बाजूंना कडुनिंब. मला सरळ रस्ते आवडत नाहीत. लांबून येणारा माणूस आधीच दिसतो.

म्हणून टांगा सदर बाजारात सोडला आणि चालत निघालो. त्या भागात गोऱ्यांच्या मागे राहिलेली माणसं होती. बँडवाल्यांची नातवंडं, खानसाम्यांची मुलं, घोडेस्वारीच्या ब्रीचेस शिवणारे दर्जी, खोगीरवाले. खिडक्यांना पडदे, पडद्यांच्या मागे कुणीतरी. मी प्रथम पावरोटीवाल्याच्या भट्टीशी थांबलो. तो एक भलामोठा केक खोक्यात घालत होता.

"काय हो, गिरजाघराची बाकं कशी आहेत? वाळवी लागली आहे का?"

"आज फुरसत नहीं, साहब," तो मान वर न करता म्हणाला. "गिरजे का बड़ा ऑर्डर है."

पाद्री एवढा केक कुणाला खाऊ घालणार होता? माल घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला आपण बिदागी म्हणून काय देतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढच्या दुकानात दर्जी बटणं लावत बसला होता. त्याला तोच प्रश्न केला.

"आप दूसरे हैं पूछनेवाले," तो म्हणाला. "आपसे पहले लश्कर के एक बड़े साहब आये थे. बग्घी में."

"काळी बग्गी? पितळी दिवे?"

"जी. और आज भी आयी है. अभी गयी इधर से."

काळी बग्गी, पितळी दिवे, लश्करभर ती एकच, ठेकेदारसाहेबांच्या घरची.

गिरजाघर दिसलं. पिवळट दगडाचं, बुटकं, पुढे एक मनोरा, भोवती कंपाउंड. आणि फाटकाशी कडुनिंबाखाली ती बग्गी. कोचमन जागेवर पेंगत होता, आणि घोड्याच्या कपाळाला कुणीतरी पांढरी फुलं बांधली होती. ते मी बघितलं, पण रागात त्याचा अर्थ लावला नाही.

चौकीदार पुढे आला. "आज अंदर नहीं, हुज़ूर. कल आना. पाद्री साहब का हुकुम है."

"आत कोण आहे?"

"कल बतायेंगे," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

मी बरं म्हणून वळलो, कंपाउंडच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथल्या पडक्या भिंतीवरून आत उतरलो. त्या बाजूला जुन्या कबरी होत्या. बहुतेक गोऱ्या शिपायांच्या, पटकीने आणि तापाने गेलेल्या पोरांच्या. वाळलेल्या गवतातून वाट काढत मी इमारतीच्या कडेला गेलो. एक लहान दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, पुरुषाचा, संथ, ठरावीक चालीत बोलल्यासारखा. मेळ्यात दलाल असाच बोलतो, सौदा अगदी शेवटाला आला की. मी दार ढकललं.

बाहेरच्या झळाळत्या उन्हातून आत आलो आणि डोळ्यांपुढे काळोख झाला. मोठी खोली आहे, वर छप्पर उंच आहे, एवढं कळलं. मग लांब पुढे पांढरं काहीतरी दिसलं. पाद्रीसाहेबांचा झगा. त्यांच्यासमोर काळ्या कोटातला एक उंच, वयस्क माणूस. ठेकेदारसाहेबांचा दिवाणजी असाच काळा कोट घालतो. आणि त्या दोघांच्या मधे, पाद्रीसाहेबांनी आपल्या गळ्यातलं लांब पांढरं उपरणं काढून हातांवर टाकलेलं. उपरण्याखाली हातात हात. पाद्रीसाहेब ठासून सांगत होते, की आता हे कुणी मोडायचं नाही.

तिथे मी काय करायला हवं होतं हे मला नंतर सगळ्यांनी शिकवलं. पण ज्याने पंधरा वर्षं गुरांच्या बाजारात काढली आहेत त्याने माझ्या जागी उभं राहून सांगावं. बाहेर त्या माणसाची बग्गी, मला बुधवारी येऊ नका म्हणून निरोप, दाराशी पहारा, आणि आत कापडाखाली सौदा. माझी बाकं जात होती. माझ्या मुलीची पाचवी जात होती.

मी मधल्या वाटेने धावत गेलो, "थांबा! कापड निघालेलं नाही अजून! माझा भाव ऐका!" असं ओरडलो आणि उपरण्याखाली हात घातला.

हाताला लागला तो बाईचा हात. बारीक, थंड, बांगड्या भरलेला, बोटात नवी अंगठी.

आता मला दिसायला लागलं. काळ्या कोटातला माणूस दिवाणजी नव्हता. पिकल्या मिशांचा, ताठ मानेचा कुणी वेगळाच गृहस्थ होता. आणि त्याच्या शेजारी, पाद्रीसाहेबांच्या पांढऱ्या झग्याला लागून, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी होती. चाळिशीच्या पुढची, डोक्यावरून पदर, हातात फुलं. मागे पुढच्या बाकांवर बसलेली थोडी माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती.

बाईने हात काढून घेतला नाही. माझ्याकडे नीट बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "उशीर केलात, दादा. मी आत्ताच यांना हो म्हणून बसले."

आधी कुणीतरी खाकरलं, मग पुढच्या बाकावरची एक म्हातारी हसली, आणि मग सगळेच. नवरदेव म्हणाला, "पर भाव तो बताइये. मुझे भी मालूम हो, क्या चीज़ मिली है."

मी हात बाहेर काढला. आल्या वाटेने निघून जावं म्हणून वळलो, तर पाद्रीसाहेब म्हणाले, "कुठे निघालात? बाकं बघायला आलात ना? मग बसून बघा." त्यांनी मराठीत सांगितलं. माणूस नगरकडचा होता. "नवरीच्या बाजूचं बाक रिकामं आहे. तिचं इथे कुणी नाही. तुम्हाला दादा म्हणाली आहे, तेव्हा बसा तिच्या बाजूला आणि पगडी तेवढी डोक्यावर सरळ करा."

मी बसलो. पुढे प्रार्थना चालली, गाणं झालं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी बाक बघितलं. खालून हात फिरवला. सागवान, जुनं, घट्ट, एका अखंड फळीचं. नखाने टोचलं, मेण नाही. पाठीला ओळीने खाचा केलेल्या होत्या, बंदूक टेकून ठेवण्यासाठी. सत्तावनच्या बंडानंतर गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदुका घेऊन बसायचे असं पुढे कळलं. देवाच्या घरातही कुणावर भरवसा न ठेवणारी ती माणसं मला त्या क्षणी बरीच जवळची वाटली.

माझ्या बाकाच्या मागे रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या, धूळ साचलेल्या. वऱ्हाड म्हणावं तर मूठभर. एवढी मोठी खोली, आणि माणसं कोपऱ्यातल्या चिमण्यांएवढी.

लग्न लागलं. सगळे व्हरांड्यात चहा आणि केकला जमले. नवरदेव दरबारच्या बँडचे निवृत्त बँडमास्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरी जनाना इस्पितळातली नर्स. शाळेच्या बाईंना बाकांचं सांगणारी ती हीच. दुसरेपणाचं लग्न, म्हणून गाजावाजा नको, बुधवारी सकाळी उरकून घेऊ, असं ठरलं होतं. 

"आणि ती बग्गी?" मी विचारलं.

"ठेकेदारसाहेबांची," नवरी म्हणाली. "त्यांच्या सुनेचं बाळंतपण मी केलं. फार अडलं होतं. म्हणून त्यांनी आज बग्गी धाडली."

"एवढ्यासाठीच?"

"एवढ्यासाठीच म्हणजे? दादा, तुमच्या घरी कधी बाळंतपण अडलं नाही वाटतं."

मी पाद्रीसाहेबांकडे वळलो. "ठेकेदारसाहेब स्वतः इथे आले होते का? खरं सांगा."

"आले होते. सगळी बाकं विकत मागत होते, कुठल्या क्लबासाठी. मी नाही म्हणालो."

म्हणजे माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. बग्गीसुद्धा पाद्रीसाहेबांना उपकाराखाली ठेवायला धाडली असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

"मग आता माझा भाव ऐका," मी म्हणालो.

"तुम्हालाही विकणार नाही, शेठजी."

"शेठजी नाही. मराठा आहे मी."

"बरं, सरदार. विकायची नाहीतच. विकायची तर वरून परवानगी आणावी लागते, आणि ती येईपर्यंत शाळेतल्या मुलींना नातवंडं होतील. शाळेसाठी अशीच घेऊन जा. वापरा. नाताळला तेवढी परत आणून द्या, मग पुन्हा न्या."

"बदल्यात काय द्यायचं?"

"काही नाही."

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं बाजारात काढली, पण 'काही नाही' हा भाव मला कुणी सांगितला नव्हता. ज्याला भाव नाही त्यात खोट असते. वाळवी नाही, लाकूड पक्कं, मग खोट कुठे? उद्या हेच लोक म्हणणार, आमची बाकं वापरता, आता मुलींना आमची गाणी शिकवा. गल्लीत बोंब होईल, मुली घरी बसतील, शाळा बंद. मी तसं तोंडावर बोललो.

पाद्रीसाहेब रागावले. चांगले लाल झाले. "मी तुम्हाला काही अट घातली का? घातली असती तर लिहून मागितली असती! मी नगरचा आहे, मला व्यवहार कळत नाही असं समजू नका!"

"कळतो ना? मग माझ्यासारख्या माणसाला फुकट देऊ नका! मला घाम फुटतो. यात तुमचं काय साधतं ते सांगा, मी आज गाड्या आणतो. नाही सांगितलंत तर राम राम!"

दोघेही ओरडत होतो. वऱ्हाडी केक खाता खाता आमच्याकडे बघत होते. बँडमास्तर पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून पाद्रीसाहेबांना म्हणाले, "बता दीजिये, साहब. ये ऐसे नहीं मानेंगे."

पाद्रीसाहेबांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि आवाज खाली आणला. पावसाळ्याआधी झाशीहून त्यांचे वरिष्ठ यायचे होते. मुरारला वेगळा पाद्री ठेवायची गरज आहे का, की झाशीहूनच महिन्याकाठी कुणी येऊन जावं, हे ते बघणार होते. आणि ते दारातून आत आले की त्यांना काय दिसणार? रिकाम्या बाकांच्या रांगा, धूळ, आणि पुढे मूठभर माणसं.

"माणसं तर मी वाढवू शकत नाही," ते म्हणाले. "पण मागची बाकं नसतील, पुढची जरा ऐसपैस मांडली, तर हीच माणसं भरल्यासारखी दिसतील. वर सांगताही येईल, की आमच्या बाकांवर शंभर मुली शिकताहेत."

"शंभर नाहीत. निम्म्याही नाहीत."

"पुढेमागे होतील."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. आता कुठे मला श्वास घेता आला. माझ्या इन्स्पेक्टरला बाकं दिसायला हवी होती, त्यांच्या इन्स्पेक्टरला दिसायला नको होती. याला सौदा म्हणतात. 

मग आम्ही खरे बसलो. गाड्या कुणी आणायच्या, नाताळला कोण परत आणणार, पावसात कुठे ठेवायची, एखाद्या मुलीने कोरून ठेवलं तर काय. मी पुढची बाकं मागितली, ती जास्त चकचकीत होती. त्यांनी मागचीच दिली. मी म्हणालो नाताळला न्यायला गाडी तुमची, ते म्हणाले आणायला-न्यायला दोन्ही तुमची, शेवटी गिरजाघरात पोचवायची माझी, शाळेत परत आणायची त्यांची. एका गोष्टीवर ते हटले नाहीत. बाकाला करवत लावायची नाही, खिळा मारायचा नाही. माणूस चिवट होता. माझ्या तोडीची माणसं मला फार भेटलेली नाहीत, आणि जी भेटली त्यातला एक पाद्री निघावा याचं मला आश्चर्य वाटलं. निघताना नवरीने कागदात बांधून केक दिला, घरच्यांसाठी. तो मी टांग्यात उलगडून बघितला. केकच होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गाड्या घेऊन गेलो. बाकं माधवगंजात आली तेव्हा सगळी गल्ली बघायला उभी. कुणी म्हणालं किरिस्तावांच्या बाकावर मुली बसवणार का. मी म्हणालो, "तुझ्या घरातली खुर्ची कुणाच्या बंगल्यातून आली आहे, सांगू का इथे?" ती मीच विकलेली होती.

शाळेत मांडली आणि नवीनच अडचण. बाकं गोऱ्या शिपायांसाठी केलेली, उंचपुऱ्या माणसांची. आमच्या मुली बसल्या तर सगळ्यांचे पाय लोंबकळत होते. पुढची एक लहान मुलगी घसरून खालीच पडली. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाय कापून टाका की." मी म्हणालो, "शब्द दिला आहे." "कुणाला?" "पाद्र्याला." बाईंना हसू आवरेना. "तुम्ही? पाद्र्याला?" त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. शेवटी मी माझ्या गोदामातल्या फळ्या काढल्या, त्यांना बुटके ठोकळे जोडले आणि पाय टेकायला प्रत्येक बाकासमोर एकेक सुटा पाट ठेवला. सुतार नव्हता. मीच बसून केले, दुकान बंद ठेवून. बायको संध्याकाळी दिवा घेऊन आली आणि म्हणाली, "इतकं तर तुम्ही गिऱ्हाइकासाठी पण नाही केलं कधी."

इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी बाकं हलवून बघितली. मी दाराबाहेर उभा होतो, आणि मला खात्री होती की आतून ठेकेदारसाहेबांनी काहीतरी पेरून ठेवलं असणार. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "ही कुठली?" बाई म्हणाल्या, "मुरारची." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कागदावर सही केली. एवढ्या सहज सही झाली की मला त्यातही काहीतरी वाटलं, आणि तो कागद मी घरी नेऊन एका वकिलाकडून वाचून घेतला. ठीक होता.

श्रावण लागायच्या आधी मेहुणे शिवपुरीहून आले. या वेळी स्थळ झाशीचं होतं, मुलगा रेल्वेत, घर स्वतःचं. ते ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुलीला बोलवा जरा. पत्रिका बघितली, आता एकदा डोळ्यांनी बघून घेतो, म्हणजे त्यांना कळवता येईल."

मी पानाचा डबा पुढे ओढला. माझं तोंड उघडलं की भांडण होतं हे बायकोला ठाऊक होतं. तीच आतून आली.

"ती शाळेत गेली, दादा."

"अजून? चौथी तर झाली म्हणालात."

"आता पाचवी."

"आणि पाचवी झाल्यावर?"

बायकोने चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मग सहावी काढतील, बाई म्हणत होत्या. पोहे करू का?"

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पान लावत होतो. ते बराच वेळ बसले, पोहे खाल्ले, शाळा सुटायची वाट बघितली, आणि उन्हं कलली तशी गाडीची वेळ झाली म्हणून मुलीला न बघताच उठले.